झडप क्रमांक सात

बेलापूरला, सेक्टर अकरात, दुसऱ्या मजल्यावर
शनिवारी दोन ते सहा.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही अठरा जण
आणि खांबेटे मॅडम, ज्यांनी पहिल्याच तासाला
फळ्यावर एकच ओळ लिहिली:
काम संपलं, हे कशावरून कळणार?

आम्ही हसलो.
मग एकेकानं तोंड उघडलं
आणि उत्तरं निघाली अठरा तऱ्हांची.
इरफान म्हणाला, बिल पास झालं की.
मी म्हणाले, खड्डा बुजला की.

माझा खड्डा घणसोलीत होता.
नाल्याखालची जुनी जलवाहिनी काढून नवी जोडायची.
मंगळवार सकाळी दहा ते बुधवार सकाळी दहा
अख्ख्या भागाचं पाणी बंद.
मी कंपनीतली सर्वांत नवी इंजिनिअर,
हेल्मेटवर अजून आधीच्या माणसाचं नाव: आर. तांडेल.

मॅडमनी कामाचे तुकडे करायला शिकवलं.
तुकड्यांचे तुकडे, इतके बारीक
की प्रत्येकाखाली एकच नाव मावेल.
दोन नावं आली तर समजा, कोणीच करणार नाही.

मग पट्ट्या. कोणतं कशाच्या आधी,
कोणाचं कोणावाचून अडतं.
वेल्डिंगआधी उपसा, उपशाआधी झडप बंद,
डिझेल मात्र रविवारी आणलं काय, सोमवारी आणलं काय.
त्या मोकळ्या जागेला पुस्तकात इंग्रजी शब्द होता.
मॅडम म्हणाल्या, आपण त्याला सवड म्हणतो.
ज्या वाटेवर सवड कुठेच नाही,
ती लाल पेन्सिलनं काढा.

त्या रात्री लाल रेघ ओढत बसले होते,
आईचा फोन दोनदा वाजला.
हिथं सवड आहे, म्हटलं मनात,
आणि पट्टी पुढे सरकवली.

पुढच्या शनिवारी: कोणाकोणाचा संबंध येतो?
ज्याचं तुमच्यावाचून अडतं तो,
आणि जो तुम्हाला अडवू शकतो तोही.
महापालिका, वाहतूक पोलीस, सोसायट्या, दोन दवाखाने,
शाळा, नगरसेवक, नाक्यावरचा ढाबा.
एकतीस नावं. मॅडमनी बरोबरची खूण केली,
खाली बारीक अक्षरात: चावी कोण फिरवतं?
मला वाटलं, त्या रूपकात बोलतायत.

मंगळवारी दहाला
सात नंबरची झडप बंद होईना.
तीन माणसं, लांब दांड्याची चावी, तिला वर लोखंडी पाइप.
जितकी आवळू, तितकं खड्ड्यातलं पाणी वाढे.
लाल रेघ माझ्या खिशात घामानं भिजत राहिली.

शेवटी कोणीतरी म्हणालं, घरतमामांना विचारा.
भालचंद्र घरत, चावीवाले.
एकवीस वर्षं पहाटे साडेतीनला गावठाणाचं पाणी सोडणारे,
अजून कंत्राटी,
माझ्या एकतिसांत नसलेले.
सायकल लावली, चेंबरमध्ये वाकून बघितलं.
"पोरी, ही उलटी फिरते.
बसवली तवाच उलटी बसवली. सगल्यांना ठाव हाय."
सगळ्यांना म्हणजे त्यांना.
दोन वेढे, आणि पाणी थांबलं.
साडेअकरा.

दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच पाणी सुटलं,
बरोबर दीड तास उशिरा, पुस्तकात लिहिल्यासारखं.
नळ आधी खोकले, मग तांबूस, मग साफ.
तिसऱ्या मजल्यावरून एका बाईनं ओरडून विचारलं,
झालं का हो?
मी हो म्हणणार होते.
मामा चेंबरवर झाकण सरकवत होते.
"थांब," म्हणाले, "शेवटच्या घरात चढू दे."

अहवालाच्या तळाशी एक रकाना असतो: काय शिकलात.
आधीच्या अहवालांमध्ये तिथे 'निरंक'.
मी लिहिलं, झडप क्रमांक सात उलटी फिरते,
विचारा भा. घरत यांना, आणि त्यांचा मोबाइल नंबर.

मग आईला फोन लावला.
"काही नाही गं, त्या दिवशी सिलिंडर संपला होता.
वरच्या पठाणवहिनींनी त्यांचा दिला."
तिच्या यादीत मी कितवी होते,
विचारलं नाही.